नकली असेल तर ठेवा

नकली असेल तर ठेवा, असं संग्रहालयातल्या बाई मला म्हणाल्या. रविवारची सकाळ होती. द्राक्षमळ्यांखालच्या आमच्या नेहमीच्या खानावळीतली मागची खोली, टेबलावर हिरवं बनातीचं कापड, कापडावर सभासदांनी महिनाभरात गोळा केलेले दगड आणि दगडांच्या मधेमधे बटाट्याच्या सॅलडच्या बशा. आमच्या जीवाश्म मंडळाची रीत अशी, की ज्याला आपला दगड ओळखता येत नाही त्याने तो निमूटपणे कापडावर ठेवायचा. मग ओळखणाऱ्याने, म्हणजे मी, तो उचलायचा, उलटसुलट करून पाहायचा, चिठ्ठीवर त्याचं नाव लिहायचं आणि खाली सही करायची. सव्वीस वर्षं मी ह्या सह्या करतोय. ओटमार रीटची सही असली की स्टुटगार्टपासून थेट डोंगरापलीकडच्या गावांपर्यंत कुणी पुढे तोंड उघडत नाही. सह्या करता करता मला लोकांच्या बोटांची किळस यायला लागली होती, ते अलीकडचं. सॉसेज खाऊन न पुसलेली बोटं, दगडावर उमटलेले त्यांचे तेलकट ठसे, आणि मला तो दगड नाकाशी धरावा लागतो.

त्या दिवशी मात्र कापडावर मी माझी स्वतःची वस्तू ठेवली होती. ओळखून घ्यायला नव्हे, मिरवायला. उडणाऱ्या सरड्याची चोच, दीड वीत लांब, मधासारख्या रंगाच्या दगडात अर्धी रुतलेली, पुढच्या टोकाला सुयांसारखे दात. सगळे वाकून पाहत होते. गेबहार्ट, आमचा अध्यक्ष, माझा चाळीस वर्षांचा मित्र, तो तर अशा थाटात उभा होता जणू चोच त्यानेच खणून काढली. त्याचे शंख संग्रहालयाला द्यायचे म्हणून त्या दिवशी संग्रहालयातल्या डॉक्टर तीसेनबाई मुद्दाम आल्या होत्या. उत्तरेकडच्या, हांबुर्गजवळच्या. उंच, कोरड्या, केस मागे ओढून बांधलेले. त्यांनी शंखांकडे एक नजर टाकली आणि माझ्या चोचीपाशी येऊन थांबल्या.

"ही कुठली?"

"ब्राझीलची," गेबहार्टच बोलला. "आहे की नाही नवरीसारखी?"

"मग ही तुमची नाही, रीटसाहेब." आवाज न चढवता, चहात साखर नको म्हणावं तसं. "तिथे बेचाळीस सालापासून जमिनीतला प्रत्येक जीवाश्म देशाचा आहे. बाहेर न्यायला बंदी, विकायला बंदी."

"कागद आहे माझ्याकडे. अडतीस सालचा. कुणा पाद्र्याचा संग्रह होता."

"कागद सगळ्यांकडेच असतो."

"अहो बाई," गेबहार्ट हसत म्हणाला, "ह्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय. दगड जिभेला लावून सांगतो हा!"

"मग तर कठीणच आहे. असली असेल तर परत जाईल. नकली असेल तर ठेवा, खुशाल उशाशी घेऊन झोपा. इंटरनेटवरून घेतलेल्या दहांतल्या आठ नकलीच निघतात. गुरुवारी दहाला घरी येते जांभळा दिवा घेऊन, त्याखाली प्लास्टिक चकाकतं. चालेल?"

चालेल, मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? कुणीतरी माझ्या पेल्यात वाइन ओतली. तिचा वास मला शिळ्या फडक्यासारखा आला.

ट्राममध्ये मी चोचीची पेटी मांडीवर घेऊन बसलो. समोर एक बाई प्रेत्झेलचा खारा पाव खात होती, मिठाचे खडे तिच्या मफलरवर पडत होते आणि मी नको असताना त्या खड्यांकडे बघत होतो. गोष्ट अशी होती की चोच असली आहे हे मला ठाऊक होतं आणि कागद नकली आहे हेही ठाऊक होतं. आधीपासून. पेटी उघडली त्याच दिवसापासून. कागद पिवळा पडलेला, टाइप केलेला, कडा कुरतडलेल्या, सगळं साग्रसंगीत. पण मी तो नाकाशी नेला तेव्हा त्याला चहाचा वास आला. जुना कागद असा वास मारत नाही. कुणीतरी बशीत चहा ओतून त्यात तो भिजवला होता. मी एकेचाळीस वर्षं दातांच्या कवळ्या केल्या आहेत. नव्या दाताला जुन्या दाताचा पिवळेपणा आणायला आम्हीही काय काय केलंय ते माझं मला माहीत. म्हणून तो कागद बघून मला राग आला नाही. मी मनात म्हटलं, रंग थोडा गडद झालाय. बस. एवढंच. एका कारागिराने दुसऱ्याचं काम बघावं तसं. मग चोच जिभेला लावली. दगड जिभेला चिकटत नाही, हाड चिकटतं, हाडाला बारीक छिद्रं असतात आणि ती ओल ओढून घेतात. जीभ अशी धरली गेली की सोडवून घ्यावी लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा कोटी वर्षांपूर्वीचं तोंड आणि माझं तोंड. गुडरून, माझी बायको, दारातून बघत होती. "ते चाटतोस आणि मग मला मुका द्यायला येतोस," ती म्हणाली. "आता आठवडाभर तरी जवळ येऊ नकोस."

विकणारा बेल्जियममधला होता, निदान तसं म्हणत तरी होता. दर सकाळी मी कॉफीआधी त्याचे निरोप वाचायचो, प्रिय मित्र, प्रिय मित्र, आणि प्रत्येक निरोपासोबत फोटो. तुकडे. जबडे, पंखांची हाडं, मोडलेल्या बरगड्या वर्तमानपत्रावर रचून ठेवलेल्या, खाटकाच्या फळीवर असतात तशा. मला त्या फोटोंची चटक लागली होती, हे मी आता कबूल करतो. एका फोटोत चोच होती, पांढऱ्या उन्हात, मातीवर, आणि कोपऱ्यात एक पाऊल आलं होतं. रबरी चप्पल, धुळीने राखाडी झालेला अंगठा, नख अर्धं उखडलेलं. खणणाऱ्याचं पाऊल. फोटो ताजा होता. अडतीस सालचा पाद्री त्या चपलेत कुठेच नव्हता. मी तो फोटो संगणकावर उघडला, पाऊल कापून टाकलं आणि उरलेला फोटो मंडळाच्या लोकांना पाठवला. सहा सेकंदांचं काम. पण त्यानंतर कितीतरी दिवस जेवताना मला ते नख दिसायचं, डाळीत, शेवयांत, आणि मी ताट बाजूला सारायचो. गुडरूनला वाटायचं माझं पोट बिघडलंय.

मी घरी पोचलो तेव्हा ती जिना पुसत होती. ह्या आठवड्यात इमारतीचा जिना पुसायची पाळी आमची होती, तशी पाटी दारावर लटकत होती. पायऱ्यांवरून ओलं फडकं फिरवता फिरवता तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणी मेलं का?"

मी सांगितलं. पेटी छातीशी धरून, मधल्या पायरीवर उभा राहून सगळं सांगितलं.

"मग देऊन टाक," ती म्हणाली.

"कुणाला?"

"ज्यांची आहे त्यांना. त्यात काय एवढं? तुझ्याकडे तळघर भरून दगड आहेत. आणि पाय उचल, पुसलंय मी तिथे."

"तुला नाही कळायचं."

"नाही कळत. चाळीस वर्षं नाही कळलं. लोकांचे नवरे बायकांच्या मागे लागतात, तेवढं तरी समजलं असतं."

तिला कसं सांगणार? मी आयुष्यभर लोकांना खोटं हसू करून दिलं. दवाखान्यांतून साचे यायचे, अनोळखी तोंडांचे ठसे, आणि पुष्कळदा त्यांत आदल्या जेवणाचा कण अडकलेला असायचा, पालकाचा धागा, मांसाची तार. मी तो चिमट्याने काढून टाकायचो आणि पुढच्या कामाला लागायचो, तेव्हा किळस आली नाही. कवळीचं प्लास्टिक म्हणजे अॅक्रिलिक, त्याच्या द्रवाचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास माझ्या हातांना कायमचा बसला. लग्नाच्या पहिल्या रात्री गुडरूनने विचारलं होतं हा कसला वास. हजारो माणसं माझे दात घालून हसली, भांडली, मेली, त्यांच्यासोबत माझे दात जमिनीत गेले. पुढे कधी कुणी खणलंच तर माझं अॅक्रिलिक निघेल, चकचकीत, गुलाबी. आणि ह्या एवढ्या पसाऱ्यात माझ्या हातात आलेली अगदी खरी म्हणावी अशी वस्तू एकच, ती चोच. ती मला हवी होती. माझी म्हणून हवी होती, काचेआड नव्हे, दुसऱ्या कुणाच्या देशात नव्हे. माझ्या टेबलावर, माझ्या दिव्याखाली. हे सगळं तिला मी जिन्यात उभा राहून सांगितलं नाही. मी पाय उचलला.

सोमवार नुसताच गेला. मी तळघरातल्या कामाच्या टेबलाशी बसून चोचीकडे बघत राहिलो. वरच्या बाजूला हाडावर केसाइतक्या बारीक रेषा होत्या, वाढत्या हाडावर असतात तशा, म्हणजे हे पिल्लू असणार, उडायला नुकतंच शिकलेलं. कुठल्याही कारागिराला त्या रेषा करता येणार नाहीत. कुणी करणारही नाही, कारण दिसतात कुणाला? मला दिसत होत्या. तीसेनबाईंनाही दिसतील, दिवा लागेल तेव्हा पहिल्या मिनिटात दिसतील. असली असेल तर परत जाईल. नकली असेल तर ठेवा. त्या वाक्याचा चघळून चघळून चोथा झाला तरी ते तोंडातून जाईना, आणि मग दुपारी कधीतरी त्यातून दुसरंच वाक्य सुटं झालं. मी उठलो, नळाखाली तोंड धुतलं आणि परत येऊन बसलो. विचार तिथेच होता.

मंगळवारी गुडरून पोहायला जाते. दार लागल्याचा आवाज आला आणि मी कपाटातून अॅक्रिलिकच्या द्रवाची जुनी बाटली काढली. झाकण उघडताच तो वास आला, एकेचाळीस वर्षांचा, आणि मला उलटीची उबळ आली. मी बादली जवळ ओढून घेतली. तरी हात थांबले नाहीत, हातांना ह्या गोष्टी पाठ असतात. आधी लहान ड्रिलला रबराची चकती लावली आणि त्या रेषा घासल्या. एक मिनिटही लागलं नाही. उडालेली धूळ मास्कवर बसली, मास्कच्या आत ओठांवर बसली, आणि मी ओठ मिटून घासत राहिलो. मग पुढचे दोन दात चिमट्याने धरून काढले. खरे दात किती चिवट बसलेले असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी दात काढणारा नाही, करणारा. त्यांच्या जागी अॅक्रिलिकचे दोन बसवले, मुद्दाम जरा जाडसर, घाईने केलेले वाटावेत असे. मग दगडाची कड टोकरली, भुकटी डिंकात कालवली, खाचा भरल्या. मग सगळ्या हाडावर पातळ द्रव ब्रशने लावला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि ते हाड तो पीत गेलं, तहान लागल्यासारखं, जितकं लावू तितकं. छिद्रांत गेलेलं अॅक्रिलिक परत निघत नाही, हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवलेलं आहे. काम चाललेलं असताना मधेच मला जाणवलं की मी शीळ घालतोय. जुन्या दिवसांसारखी, काम जमत असलं की आपोआप यायची तशी. मी शीळ बंद केली. उपटलेले दोन दात कागदात गुंडाळून विजारीच्या खिशात घातले, आणि संध्याकाळी कोट खुंटीला लावताना ते मांडीला टोचले तेव्हा मी एवढा दचकलो की गुडरूनने विचारलं, "काय झालं? आणि हा वास कसला? पुन्हा कवळ्या करायला लागलास की काय?"

"मोडलेलं काहीतरी जोडत होतो," मी म्हणालो.

"खिडकी उघड. मळमळतंय मला."

बुधवारी मी चोच पाहिली नाही. पेटीवर फडकं टाकून ठेवलं. दोनदा जेवलो आणि दोन्ही वेळा ताटात अर्धं टाकलं. गेबहार्टचा फोन आला. "अरे, त्या हांबुर्गवालीला दाखव चांगलं," तो ओरडत होता, त्याला हल्ली कमी ऐकू येतं. "आणि असलीच निघाली तर बिनधास्त देऊन टाक, पेपरात नाव येईल आपलं! मंडळाने देशाचा ठेवा परत केला! मी भाषण करीन." मी बरं म्हणालो. त्याच्या उत्साहाचीही मला शिसारी आली, मग आपण असे कसे झालो म्हणून स्वतःची आली. फोन ठेवल्यावर मी हात धुतले. त्या दिवशी मी किती वेळा हात धुतले असतील कोण जाणे.

गुरुवारी दहाला एक मिनिट कमी असताना तीसेनबाई आल्या. गुडरूनने स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं केलं, कॉफी ठेवली, प्लमचा केक कापला. बाईंनी पडदा ओढला आणि जांभळा दिवा लावला. चोच उजळली. असं उजळताना मी कुठलाही जीवाश्म पाहिला नव्हता. टोकापासून टोकापर्यंत निळसर पांढरी, स्वस्त खेळण्यासारखी. त्यांनी सुई तापवून दाताला टेकवली, धूर आला, जळक्या प्लास्टिकचा वास आला. गुडरूनने नाकाला रुमाल लावला.

"वाईट वाटतं," बाई म्हणाल्या आणि त्यांना खरंच वाटत होतं. "रविवारी मला अगदी खात्री होती. तिथल्या उजेडात फसले मी. पण काम मात्र काय सफाईचं आहे हो! ह्या वळणावर बघा. ज्याने केलं त्याचा हात काही साधासुधा नाही."

माझे कान गरम झाले. मला बरं वाटलं. स्तुती ऐकून मला बरं वाटलं, त्या जागी, त्या क्षणी, आणि ह्याहून ओंगळ असं मला माझ्याबद्दल दुसरं काही ठाऊक नाही.

"म्हणजे ठेवू ना मी?" मी विचारलं.

"ठेवा की, तुमचीच आहे." त्यांनी दिवा बंद केला, केकचा तुकडा तोडला आणि थोडं घुटमळत म्हणाल्या, "एक विनंती होती. कस्टमच्या लोकांना आम्ही वर्षातून दोनदा शिकवतो, नकली माल कसा ओळखायचा ते. आमच्याकडचे नमुने इतके भिकार आहेत की शेंबडं पोरही ओळखेल. हा मिळाला तर फार उपयोग होईल."

"न्या न्या," गुडरून म्हणाली. "डबा देते."

"नको," मी म्हणालो. "मला ती आवडते."

"नकली?" दोघींनी एकदमच विचारलं. गुडरून माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिला आठवडाभरात पहिल्यांदा माझं काही कळलं होतं आणि ते तिला कळायला नको होतं. बाई नम्रपणे थांबल्या होत्या. नकली वस्तूला कवटाळून बसायला माणसापाशी काय कारण असतं? मी शोधलं. एकही सापडलं नाही, म्हणजे बोलून दाखवण्यासारखं एकही.

"न्या," मी म्हणालो.

"आणि तुमच्या मंडळाची ती चिठ्ठी लिहून द्याल? ओळखणारे तुम्हीच ना."

मी लिहिली. उडत्या सरड्याची चोच, नकली, दगडाची भुकटी व अॅक्रिलिक. खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली, एका झटक्यात.

"अजून एकच. बाजारात पुन्हा फिरू नये म्हणून आम्ही नकली मालाला मधोमध भोक पाडतो, मग साखळीत अडकवून वर्गात हातोहात फिरवता येतो. तुमच्याकडे ड्रिल असेलच. माझ्यापेक्षा तुमचा हात स्थिर असणार."

ड्रिल मी तळघरातून आणलं. गुडरून बाईंना केक बांधून द्यायला फडताळाशी गेली, दोघी त्या प्लमच्या झाडाबद्दल बोलायला लागल्या, यंदा कीड किती पडली वगैरे. मी चोच डाव्या हातात धरली आणि मधोमध टोक टेकवलं. आधी पांढरं निघालं, अॅक्रिलिकचं, कुरळं, रवाळ. मग ड्रिल आत घुसलं आणि आवाज बदलला. पांढरं थांबलं. भोकातून तपकिरी भुकटी यायला लागली, मऊ, कोरडी, जरा उबदार. हाडाची. ती माझ्या तळहातावर ढीग करून साचत होती आणि अॅक्रिलिकचा कणभरही वास तिला नव्हता. तीसेनबाई माझ्यापासून दोन पावलांवर उभ्या होत्या. हात पुढे केला असता, हे बघा म्हटलं असतं, एवढंच पुरलं असतं. मग चोच तिच्या देशात गेली असती, मोडकी, डागाळलेली, पण ती आहे तीच म्हणून. तिचं पुढे काय व्हायचं ते माझ्या तळहातावर होतं.

"झालं का हो?" त्यांनी वळता वळता विचारलं.

"झालं," मी म्हणालो, आणि हात बेसिनमध्ये झटकून नळ सोडला.